वनमुलखातील मुलांचे क्रीडांगण



चंद्रपूरच्या परकोटाची दंतकथा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. खांडक्या बल्लाळशहा राजा रानात हिंडत असता त्याने पाहिले की, एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागला आहे. कुत्र्याने सशाला पळवावे ही जगाची रीत. येथे सारेच उलटे. राजाने ही गोष्ट राणीला सांगितली. राणी शहाणी होती. ती म्हणाली, ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी शूरांची. ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर नगराचा कोट घाला. राजाने तसे केले, आणि जटपुरा, अचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा या चार दरवाजांचा तो परकोट उभा राहिला.

इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरावयाची नाही हे आम्ही जाणतो. तरी तिच्यात एक गंमत आहे. जगातील बहुतेक नगरांच्या हद्दी सेनापतींनी किंवा मोजणीदारांनी आखल्या. आपल्या नगराची हद्द, निदान लोकांच्या मनात, एका पाठशिवणीने आखली. मात्र आज त्याच परकोटाच्या आत एखाद्या मुलाला पाठशिवणी खेळावीशी वाटली तर त्याने धावावे कोठे, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आजचा आमचा विषय आहे मुलांचे क्रीडांगण. आणि तेही चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतले. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून झोपाळा आणि घसरगुंडी यांची चर्चा करावी काय, असे कुणाच्या मनात येईल. परंतु एखादा समाज आपल्या मुलांना कोणती जमीन खेळावयास देतो, यावरून तो त्या जमिनीविषयी आणि तिच्या जुन्या रहिवाशांविषयी काय समजतो हे स्पष्ट दिसते. म्हणून हा विषय वाटतो तितका लहान नाही.

प्रथम मुलांकडे पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग आजही जंगलाखाली आहे. गोंड, माडिया, आणि इकडे राजुरा-जिवतीच्या डोंगरात कोलाम, अशा लोकांची ही भूमी. या लोकांच्या मुलाला क्रीडांगण कुणी बांधून द्यावे लागत नसे. माहुलीच्या वेलीला लोंबकळून झोका घ्यावा, पावसाळ्यात चिखलातून गेडीवर चालावे, नाल्याला मातीची पाळ घालून पाणी अडवावे आणि मग ती पाळ फोडून द्यावी, चैत्रात पहाटे आईबरोबर टोपली घेऊन मोहाची फुले वेचावी, आणि वेचता वेचता निम्मी खाऊन टाकावी. खेळ आणि काम यांच्यामध्ये कुंपण नव्हते. कोणत्या फांदीवर भार टाकावा, कोणत्या बिळात हात घालू नये, कोणते फळ पिकेपर्यंत थांबावे, हे शिक्षण त्या खेळातच मिळत असे.

थांबण्याचे हे शिक्षण फार मोलाचे आहे. 'मरका पंडुम' हा आंब्याचा सण झाल्यावाचून नवा आंबा तोंडात घालावयाचा नाही, अशी गोंड-माडियांची रीत आहे. झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असतो, पण गावाने देवाला दाखवल्याखेरीज त्या खावयाच्या नाहीत. आपण वनसंरक्षणावर परिसंवाद भरवतो. तेथे सहा वर्षांचे पोर कैरीकडे पाहत थांबावयास शिकते.

आता याच पोराला आपण शाळेत आणले. आणावयास हवेच होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु दूरच्या पाड्यावरचे मूल सहाव्या-सातव्या वर्षी निवासी आश्रमशाळेत येते, तेव्हा त्याला मिळते काय? पुष्कळ ठिकाणी एक चौकोनी आवार, भोवती तारेचे कुंपण, मध्ये ध्वजस्तंभ, एका कोपऱ्यात लोखंडी घसरगुंडी. कुंपणापलीकडे जंगल दिसते, पण तिकडे जावयाचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत ती लोखंडी घसरगुंडी सकाळी नवापासून सायंकाळपर्यंत कुणाच्याही उपयोगाची नसते. शहरातील बागांत तिची जागा फायबरच्या रंगीत यंत्रांनी घेतली आहे. शेजारी सिमेंटचा जिराफ असतो. ज्या मुलाने गवा पाहिला आहे, अस्वलाच्या पावलांचे ठसे ओळखले आहेत, त्याच्यापुढे आपण जिराफ उभा करतो!

यावर काही सुजाण मंडळी उपाय सुचवतात. ते म्हणतात, भिंतीवर आदिवासी चित्रे काढा, प्रवेशद्वारावर शिंगांचा मुकुट लावा, म्हणजे संस्कृतीचे दर्शन होईल. हेतू चांगला, पण होते काय? गडचिरोलीच्या भिंतीवर पांढऱ्या त्रिकोणांची वारली चित्रे उमटतात. वारली हे पालघर-डहाणूकडचे. येथून ते गाव कित्येक कोस दूर. कुणी अधिक जाणकार असला तर रंगीत ठिपक्यांची गोंड चित्रे आणतो. तीही बहुतांशी मध्यप्रदेशातील पाटणगढच्या परधान कलावंतांची, जनगढसिंह श्याम यांच्या परंपरेतली. दोन्ही कला थोर आहेत, यात शंका नाही. पण भामरागडच्या माडिया मुलाला ही तुझी संस्कृती म्हणून परक्याची चित्रे दाखवणे म्हणजे कोकणी माणसाला पंजाबी फेटा बांधून त्याचा सत्कार करण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे असे की, वारसा भिंतीवर रंगवून क्रीडांगणात येत नाही. तो येतो जमिनीतून, झाडांतून, बांधणाऱ्या हातांतून, आणि सर्वांत अधिक, येथे काय असावे नि काय नसावे हे ठरवण्याच्या अधिकारातून. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. आम्ही ती चुकून शिकलो. ती चूक आपणांस सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच शिक्षक मित्रांनी एका आश्रमशाळेच्या आवारात, नाव सांगण्याचे कारण नाही, मुलांसाठी नैसर्गिक क्रीडांगण करावयाचे ठरवले. नकाशा काढला, वर्गणी जमवली, बांबू आणला. चढावयाचा मनोरा, झुलता पूल, बसावयाची माचण, सारे बांबूचे. चांगला घट्ट मनवेल बांबू आम्ही जमिनीत तीन-तीन फूट गाडला. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री तो मनोरा आडवा झाला. रात्र होती म्हणून कुणाचे काही गेले नाही. सकाळी जाऊन पाहतो तो जमिनीतला प्रत्येक खांब वाळवीने पोकळ केलेला.

गावातील एक वृद्ध गोंड गृहस्थ तेथे उभे होते. त्यांनी पडलेला खांब हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारले, "गुरुजी, बांबू जमिनीत गाडायला तुम्हांला कोणी सांगितलं? आमच्या मांडवात बांबू वर असतो. खाली लाकूड असतं." इतकेच बोलले. गावातल्या कोणत्याही घराच्या ओसरीवर जाऊन आम्ही वर पाहिले असते तरी हे दिसले असते. खाली सागाचे किंवा ऐनाचे खांब, वर बांबूचे वासे. आम्ही आदिवासींच्या वारशाचे क्रीडांगण बांधीत होतो, आणि त्या वारशाच्या धन्याला विचारावयाचे मात्र राहून गेले होते.

विचारल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे ध्यानात ठेवण्याजोगी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते; पांढरे कपडे पाहून मेलेल्या माणसाची आठवण होते; नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत; आणि तेथे देव नसतो. मग शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, नातेवाइकांना राहण्याची सोय झाली, आणि दंतेश्वरी देवीच्या नावाने ते चालू लागले. लोक येऊ लागले. रुग्णालयाच्या बाबतीत जे शहाणपण चालते ते खेळाच्या जागेबाबत का चालू नये?

याहून जुने उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून 'अंगणवाडी' निघाली. पुढे १९७५ नंतर सरकारने देशभर जी योजना चालवली तिने हेच नाव घेतले. मोठी मुले गुरे चारावयास जात, म्हणून शाळा कुरणात नेली, ती 'कुरणशाळा'. माँटेसोरीबाईंची साधने महाग. ताराबाईंनी त्यांच्या जागी बिया, गारगोट्या, पाने, शिंपले आणले. गरिबीमुळे असे केले, असे वरवर वाटेल. वास्तविक मुलाच्या हाताला ओळखीची असलेली वस्तूच त्याच्या बुद्धीची पहिली पायरी होते, हा त्यामागचा विचार होता. आपले क्रीडांगण या कुरणशाळेचेच भावंड असावे.

पश्चिमेकडील विचारही फिरून याच ठिकाणी आला आहे. डेन्मार्कमधील सोरेन्सन या उद्यानरचनाकाराने पाहिले की, आपण आखलेल्या सुबक क्रीडांगणांपेक्षा मुले पडीक जागी, फळ्या-विटांच्या ढिगाऱ्यात अधिक रमतात. त्यावरून १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे मुलांनी स्वतः बांधावयाचे नि मोडावयाचे क्रीडांगण सुरू झाले. तिकडे फिनलंडमध्ये संशोधकांनी काही बालवाड्यांच्या खडीच्या अंगणांत जंगलातील माती-पाल्याचा थर आणि हिरवळ आणून पसरली. तीन ते पाच वर्षांची मुले अठ्ठावीस दिवस त्यात खेळली. त्यांच्या कातडीवरील उपकारक सूक्ष्मजीवांची विविधता वाढली, आणि रक्तातील रोगप्रतिकारशक्तीच्या संतुलनाच्या खुणाही सुधारलेल्या दिसल्या. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. मुले पंच्याहत्तरच होती, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. शिवाय आपल्या मातीत अंकुशकृमीही असतात. अनवाणी खेळावयाचे तर आवारात शौचालय स्वच्छ आणि वापरात हवे. पण ज्या मातीला आपण मळ म्हणतो ती मुलाची शत्रू नाही, इतके त्यावरून कळते.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. समजा, आपल्याला दोन एकर जमीन मिळाली. काय करावे?

प्रारंभ झाडांपासून करावा, कारण त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो. येथे एक इशारा. या मुलखाचा राजा साग, म्हणून चहूकडे साग लावला तर ऐन वैशाखात आवार उघडे पडेल. उन्हाळ्यात सागाला पान नसते. सावलीसाठी करंज, आंबा, जांभूळ, कडुनिंब हवेत. खाण्यासाठी चार, टेंभुर्णी, आवळा, बोर. पाहण्यासाठी पळस. मोह तर हवाच; तो सावकाश वाढतो, म्हणून जागा निवडताना जुना मोह असलेली जागा मिळाल्यास ती सोडू नये. प्रत्येक झाडाला मराठी, गोंडी आणि माडिया नावाची पाटी असावी. गोंडीत आंब्याला मरका म्हणतात, सागाला टेका. मरकाम हे कुळ आंब्याचे आणि टेकाम हे सागाचे, अशी नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ सालच्या आपल्या ग्रंथात केली आहे. वर्गात हजेरी घेताना गुरुजी 'टेकाम' म्हणून हाक मारतात. त्या मुलाला आपल्या नावाचे झाड खेळाच्या आवारात उभे दिसावे, याहून सुंदर पाटी कोणती?

ऐनाचा प्रश्न निराळा आहे. ऐनाच्या झाडात गोंडांच्या मोठ्या देवाचा वास मानतात. तेव्हा तो लावावा काय? आम्ही त्याच वृद्ध गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, लावा, पण त्याला झोका बांधू नका. असे नियम आपल्याला नकाशावर सुचत नाहीत. त्याचप्रमाणे माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. ते दगड दिसावयास मोठे देखणे असतात, आणि एखाद्या उत्साही रचनाकाराला तसे दगड मुलांना चढावयास उभे करावेसे वाटतील. ते चुकूनही करू नये. दुसऱ्याच्या आजोबांच्या समाधीवर आपण खेळत नाही. वारसा दाखवण्यात जितका विवेक लागतो, त्याहून अधिक तो न दाखवण्यात लागतो.

दगड हवेत, पण साधे. जवळच्या नाल्यातले, वालुकाश्माचे. त्यांनाही एक कथा आहे. येथील कोळशाच्या आणि वालुकाश्माच्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकट यांनी १८७२ साली गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवन' हे नाव दिले. पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत हे ज्या प्राचीन महाखंडाचे तुकडे, त्या खंडालाच हे नाव पडले. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे त्या दूरच्या युगांतील प्रचंड प्राण्यांची हाडे आणि दगड झालेली झाडे सापडली आहेत. ती तेथेच राहू द्यावीत. मुलांनी तेथे जाऊन पाहावीत. पण आवारातील साध्या दगडावर बसून गुरुजींनी मुलाला एवढे सांगावे की, तुझ्या लोकांचे नाव पृथ्वीच्या एका संपूर्ण खंडाला दिलेले आहे. जे मूल शाळेत आपली भाषा बोलावयास लाजते, त्याला या वाक्याची गरज आहे. मात्र दगडांचा ढीग रचू नये. ढिगात विंचू आणि साप घर करतात. एकेक दगड सुटा, अर्धा जमिनीत पुरलेला, फटी मातीने बुजवलेल्या असा असावा.

पाण्यावाचून मुलांचा खेळ नाही. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडील मुले जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळीवर वाढतात. क्रीडांगणात लहानसा उतार द्यावा, वर हातपंप, खाली दगडी पन्हळ आणि मातीचे पात्र. मुलांनी पाणी उपसावे, पाळी घालाव्यात, सांडवे काढावेत. परंतु गडचिरोली हा हिवतापाचा जिल्हा आहे हे विसरू नये. डबके साचू देऊ नये. डासाची अळी वाढण्यापूर्वी, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी, सारे पाणी काढून तळ कोरडा करावा. हे कामही मुलांनाच द्यावे. त्यांना ते खेळच वाटेल.

बांबूविषयी आमचे शिक्षण झालेलेच आहे. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला आणि तीन वर्षांहून जून असावा. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला असावा. आणि जमिनीत कधीही गाडू नये. खाली दगडी पाया, त्यावर लाकडी खांब, त्यावर बांबू. चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावोगाव बुरड कारागीर आहेत. त्यांना मजुरीवर बोलावू नये, सल्लागार म्हणून बोलवावे. चढावयाच्या जागेखाली नदीची वाळू सुमारे तीस सेंटिमीटर खोल पसरावी आणि महिन्यातून एकदा ती खणून सैल करावी, कारण दाबून बसलेली वाळू जमिनीइतकीच कठीण होते. युरोपातील नियमांनुसार तीन मीटरांहून अधिक उंचीवरून पडण्याची शक्यता ठेवीत नाहीत. आपण हातांनी बांधणार, तर त्याच्या निम्म्यावर थांबावे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. ताडोब्याभोवतीच्या गावांत, इतकेच काय चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर परिसरातही, बिबट्या अंगणापर्यंत येतो. त्यात मुलांचे जीव गेले आहेत. अशा मुलखात 'नैसर्गिक' या शब्दाच्या मोहाने दाट झुडपे वाढवणे हा गुन्हा ठरेल. झुडूप गुडघ्याखाली आणि झाडाचे खोड माणसाच्या उंचीपर्यंत मोकळे राखावे, म्हणजे आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर जाईल. उष्टे-खरकटे टाकू नये. त्यावर कुत्री आणि डुकरे येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. दिवस मावळण्यापूर्वी आवार रिकामे व्हावे. रानाचा मान राखणे म्हणजे त्याची भीती विसरणे नव्हे, हे येथील जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांची मुले वाचत आली.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य प्रश्न. हे सारे ठरवावे कुणी, आणि राखावे कुणी?

गोटुलाविषयी शहरात पुष्कळ अचरट समजुती आहेत. एल्विन यांचा १९४७ सालचा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरियांविषयी आहे; आपल्याकडील माडियांचे गोटुल त्याहून बऱ्याच बाबतींत निराळे. पण दोहोंत एक गोष्ट सारखी दिसते. गोटुल गावाच्या श्रमाने उभे राहते आणि ज्यांनी तेथे बसावयाचे, नाचावयाचे, त्यांनीच ते राखावयाचे. मुरियांच्या गोटुलात लहान मुले रोज सरपण आणीत, अंगण झाडीत. तेथे रखवालदार नव्हता, 'फुलांना हात लावू नये' अशी पाटी नव्हती.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव आपण ऐकले असेल. तेथील लोकांनी आपले गोटुल जंगलातील सागाच्या लाकडाने पुन्हा उभारले. त्यावरून वनखात्याशी झगडा झाला, आणि अखेर गोटुल उभे राहिले. त्याच गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. कुणा एकाचे मन वळत नसेल तर निर्णय थांबतो. असा निर्णय सावकाश होतो, हे खरे. पण जे सर्वांनी मिळून ठरवले ते मोडावयास सहसा कुणी येत नाही. आमचा मनोरा पाच माणसांनी एका रविवारी ठरवला होता, आणि तो पडल्यावर गावातील कुणालाही आपले काही पडले असे वाटले नाही, हे आम्हांस वाळवीपेक्षाही अधिक लागले.

दुसरा मनोरा आम्ही बांधला नाही; गावाने बांधला. त्यांनी आधी तीन बैठकी घेतल्या. मुलांना बोलावून विचारले. मुलांनी मनोरा मागितलाच नाही! त्यांना हवा होता एक आडवा पडलेला जाड ओंडका, एक झोका आणि चिखल. माचण झाली ती मोठ्यांच्या बसण्यासाठी. आज ते आवार पाहावयास गेलेल्या पाहुण्याला छायाचित्र घेण्यासारखे तेथे फारसे काही दिसणार नाही. मुले मात्र घंटा झाली तरी तेथून हलत नाहीत.

शहरात हे कसे व्हावयाचे, असे आपण विचाराल. येथे ग्रामसभा नाही, एक कुळ नाही, एक भाषा नाही. पण चंद्रपूरकरांनी एक गोष्ट करून दाखवली आहे. त्या सशाच्या वाटेवरचा परकोट झुडपांनी आणि कचऱ्याने गिळून टाकला होता. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी तो साफ करावयास घेतला आणि शेकडो दिवस रोज सकाळी श्रमदान केले. त्यासाठी कुणी ठेकेदार नेमला नव्हता. जे हात कोट मोकळा करू शकतात ते कोटाच्या आत मुलांसाठी दोन एकर राखू शकणार नाहीत, असे आम्ही मानीत नाही.

तेव्हा आमची विनंती इतकीच आहे. पुढल्या वेळी आपल्या प्रभागात बागेचा नकाशा येईल तेव्हा त्यात घसरगुंडी किती रंगांची आहे हे विचारू नका. त्या जागेवर आज कोणती झाडे उभी आहेत ते विचारा. नकाशा काढण्यापूर्वी कुणाला विचारले ते विचारा; त्यात या भूमीचे गोंड, माडिया, कोलाम होते काय, आणि मुले होती काय, ते विचारा. वैशाखातल्या दुपारी तेथे सावली असेल काय, ते विचारा. आणि उत्तरे मिळेपर्यंत जागा मोकळीच राहू द्या. मोकळी जागा वाया जात नाही. तेथे मुले धावतात. आणि मुले कोठून धावतात, कोठे वळतात, कोठे दडतात, हे चार महिने नीट पाहिले तर नकाशा आपोआप मिळतो. खांडक्या बल्लाळशहाच्या राणीनेही याहून निराळे काही सांगितले नव्हते. आधी पाठशिवणी पाहा, मग रेघ आखा, एवढेच ती म्हणाली होती.